राणी माशाचे काटे मोजायला शिकवणाऱ्या मामांना

कोल्हापूर

आदरणीय मामा,
सा. न.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी गावात नव्हते. तेव्हाचे राहिलेले आभार आज मानते आहे, त्याला निमित्त एका माशाचं.

मालदीवच्या प्रवाळ खडकांवर, ४० ते ७० मीटर खोल, गुलाबी रंगाचा एक मासा राहतो. २०२२ साली त्याचं नाव ठरलं, सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा. तिथल्या भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब. नाव ठेवणाऱ्यांत मालदीवचे अहमद नजीब होते. तिथल्या माशाचं वर्णन तिथल्याच संशोधकानं करण्याची ती पहिलीच वेळ, हे वाचून मला फार बरं वाटलं.

खरं तर हा मासा १९९०च्या दशकातच हाती आला होता. पण तिथून हजारएक किलोमीटरवर, चागोस बेटांपाशी, एका पिल्लावरून १९८३ साली एक जात नोंदवलेली होती. हा तिचाच मोठा झालेला मासा, असं सगळे धरून चालले. शौकिनांच्या काचपेट्यांसाठी तो विकलाही जात होता, स्वतःचं नाव नसताना! मग पाठीवरच्या पराचा एकेक काटा किती उंच, अंगाच्या कुठल्या भागात खवले किती, हे मोजलं, नरांचे रंग ताडून पाहिले, डीएनए तपासला. तेव्हा कळलं, हा वेगळाच.

ते वाचताना मला आपला ट्रे आठवला. घाट चढून आलेली राणी, टोचणी, भिंग आणि फॉर्मलिननं चुरचुरणारे डोळे. "टोचला की काटा, वाकली की काडी," तुम्ही सांगितलंत. पाठीवरच्या पराचे मी दहा काटे, दहा काड्या लिहिल्या. तुम्ही वही परत दिलीत. "परत मोज की." तीनदा मोजलं तरी दहाच. मग तुम्ही टोचणीनं शेवटची काडी बुडापाशी उचललीत. दोन दिसत होत्या, पण मूळ एकच. म्हणजे नऊ. सुट्टीची घंटा होऊन गेली होती आणि तुमचा डबा तसाच झाकलेला होता.

या गुलाबी माशावरच्या शोधनिबंधातले आकडे आज मला वाचता येतात, ते त्या दुपारमुळे. तुमचे मनापासून आभार, मामा.

या रविवारी छापील प्रत घेऊन घरी येते. चित्रातला पर बघायला तुमचं भिंग काढून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी