माणूस-माकड गर्भाला विरोधच

संपादक महोदय, अवयवांसाठी माणूस-माकड मिश्र गर्भ तयार करायला हरकत नाही, असं म्हणणारा रविवारचा लेख वाचला, अजिबात पटला नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चीनमधल्या लॅबमध्ये माकडाच्या 132 गर्भांत माणसाच्या स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, टाकल्या, त्यातले काही 19 दिवस टिकले, म्हणजे ही नुसती कल्पना राहिलेली नाही. पण असा जीव आपल्या जितका जवळचा तितका उपयोगाचा आणि तितकंच त्याला आपल्यासारखं दुखणारही, मग त्याला कापायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मेलेलं पिल्लू पोटाशी धरून पत्र्यावर बसलेली वानरीण मी इथं सोलापुरात बघितलीय. किडनीसाठी थांबलेल्या पेशंटचे हाल खरेच आहेत, पण अवयवदानाचा कायदा 1994 पासून आहे, आधी मोठ्या दवाखान्यांत ब्रेन डेड पेशंटच्या नातेवाइकांशी नीट बोलणारी माणसं तरी नेमा.

- एक वाचक, सोलापूर