डायपर बांधण्याआधी विचारा

संपादक महोदय,

मिरजेत उपचार घेऊन जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे परतणाऱ्या कॅन्सरच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाबरोबर औषधं येतात, फाइल येते. संडासला कुठं आणि कसं बसवायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग घरची पहिली खरेदी असते डायपरची.

लघवी-संडासची जाणीव शाबूत असलेल्याला डायपर बांधला की तो मुकाट्यानं पाणी कमी करतो. सुनेला, लेकीला सारखं उठवायला नको म्हणून. त्यातून बद्धकोष्ठ होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो. वयस्कर माणूस संसर्गानं असंबद्ध बोलू लागला की घरचे म्हणतात, ‘आबांना आता काही कळत नाही.’

त्यापेक्षा कमोडची खुर्ची आणा. बसल्यावर तळवे जमिनीला टेकायला हवेत, अधांतरी पायांनी जोर करता येत नाही. अर्धांग असेल तर चांगल्या अंगाच्या बाजूला, पलंगालगत लावा. चाकं असतील तर आधी ब्रेक. भांड्यात थोडं पाणी ओतून ठेवलं की मळ चिकटत नाही. न्याहारीनंतर २०-३० मिनिटांत आतड्याची हालचाल वाढते, ती वेळ साधा. मांडीवर चादर द्या, दार लोटा. तोल सावरत असेल तर हाताशी घंटी देऊन बाहेर थांबा. तोल जात असेल तर आतच थांबा, पण तोंड फिरवून.

कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी घातलेल्या नळीची, पिशवी कमरेच्या खाली हवी, मात्र जमिनीला टेकू नये. वर उचलली तर लघवी उलटी फिरते. तिला जुन्या कापडाची खोळ शिवा आणि पाहुणे यायच्या आत ती रिकामी करा. अंग पुसताना एका वेळी एकच भाग उघडा. दर दोन तासांनी कूस बदलताना ‘आबा, डावीकडं वळवू का?’ एवढं तरी विचारा.

कॅन्सरच्या जखमेला वास येत असेल तर खोलीत उदबत्ती लावतात. ती कशासाठी लावली, हे रुग्णाला बरोबर समजतं. हा वास बहुधा हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलची पूड जखमेवर वापरली तर तो बराच कमी होतो.

भेटायला येणारे उशाशी उभं राहून ‘जेवतात का हो?’ असं तिसऱ्यालाच विचारतात. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह डॉक्टरांना रुग्णालाच एक प्रश्न विचारायला सांगतात: तुमची नीट काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं? तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीचं विचारून बघा, पुढचं तोच बोलेल.

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांकडून हे सगळं एकदा करवून घ्यावं आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-चार कमोड खुर्च्या परतीच्या बोलीवर मिळाव्यात, अशी आमची मागणी आहे.

– घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिका, सांगली-मिरज