तक्रार: "क्लिअर व्ह्यू" म्हणून खांबामागची सीट दिली आणि सातव्या इनिंगला उठवलं

नमस्कार,

मे महिन्यात तुमच्या अमेरिका ईस्ट कोस्ट टूरला मी आणि मिसेस आलो होतो. बाकी ग्रुपला बोस्टन म्हणजे हार्वर्डच्या बाहेर फोटो, मी मात्र फक्त फेनवे पार्क या तिथल्या बेसबॉल मैदानातल्या मॅचसाठी पैसे भरले होते. २०१३ ला ऑफिसच्या कामाने सहा महिने तिकडे होतो, त्याच वर्षी बोस्टनची टीम रेड सॉक्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या बेसबॉलची फायनल, जिंकली, पण तेव्हा तिकीट परवडलं नाही, टीव्हीवरच बघितलं. तेव्हापासून इथे पुण्यात पहाटे ४:४० चा गजर लावून मॅच बघतो, तिकडे ती संध्याकाळी ७:१० ला सुरू होते ना. बायको म्हणते दूधवाल्याच्या आधी तुमचा पिचर येतो. हे सगळं सांगायचं कारण, तुमच्या ऑफिसातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, एक मॅचच तर होती."

आता मुद्द्याचं. "क्लिअर व्ह्यू" म्हणून तुम्ही माणशी साडेचार हजार जास्त घेतले. सीट निघाली लोखंडी खांबाच्या मागे. हिरव्या रंगाचा, थरावर थर देऊन गुळगुळीत झालेला खांब, मी अडीच तास तोच बघत होतो. डावीकडे वाकलं की बॉल टाकणारा पिचर दिसायचा आणि बॅटर गायब, उजवीकडे वाकलं की उलटं. बॉल वर गेला की लोक उभे राहायचे आणि मी शेजारच्याला विचारायचो काय झालं. खांबावर माझा राग नाही हं, मैदान १९१२ चं आहे, छत धरायला खांब असणारच आणि अशा सीट्स असतात हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही सांगितलं नाही एवढंच.

तरी जेवढं दिसलं तेवढ्यात डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. ती ३७ फुटी हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, आणि तिच्या पोटात बसून माणूस हाताने स्कोअरच्या पाट्या बदलतो, अगदी आपल्या जिमखान्यावर पोरं पत्र्याचे आकडे अडकवायची तसंच. तुमच्या ब्रोशरवर ती एकटी लाल खुर्ची छापलीय ना, १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होमरन, म्हणजे आपल्याकडच्या सिक्ससारखा फटका, जिथे पडला ती? तिच्या जवळपासही आम्हाला नेलं नाही.

आणि नऊपैकी सातव्या इनिंगला तुमचे टूर मॅनेजर आले, "चला चला, डिनर थंड होईल." पनीर आणि जीरा राईससाठी! तिथे आठव्या इनिंगच्या मध्ये अख्खं मैदान उभं राहून गाणं म्हणतं, ते ऐकायला मी एवढी वर्षं थांबलो होतो. बस पंचवीस मिनिटं उशिरा आली. आम्ही रस्त्यावर उभे आणि भिंतीच्या पलीकडून ते गाणं ऐकू आलं. मिसेसने माझा हात धरला, ग्रुपमधले काका विचारत होते आत काय आरती चालू आहे का.

जास्तीचे ९,००० रुपये परत करा आणि ब्रोशरवरची खुर्ची काढून टाका. पावती आणि सीटवरून काढलेला फोटो जोडलाय, फोटोत फक्त खांब आहे. बुकिंग मिसेसच्या नावावर आहे.

एक ग्राहक, पुणे