आपली कटलस

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही आणि आज लिहितोय तेही गाडीसाठी. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच. माझं बरं आहे, शुगर आटोक्यात.

आपल्या ओल्ड्समोबिल कटलसची चासी, खालचा सांगाडाच, गेली रे. मागच्या चाकाच्या वर मेकॅनिकनं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो पापडात शिरावा तसा आत गेला. गंजाचे पापुद्रे माझ्या तळहातावर पडले. मिशिगनच्या हिवाळ्यात इथे लॅन्सिंगच्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ त्या पोकळ पट्टीत साचून साचून आतून खात होतं. वरून मात्र पत्रा तू मेण लावायचास तसाच लखलखीत! इंजिनही ठणठणीत, तेच ३५० रॉकेट. हे कळायच्या आदल्याच आठवड्यात हायवेवर पाय पूर्ण दाबला, कार्बोरेटरची मागची दोन भोकं उघडली आणि तो घुमारा उठला. "वाघ उठला" म्हणायचास ना?

१९७९ मध्ये पेट्रोलला रांगा होत्या आणि तू टोयोटासाठी अडून बसलास. हिशेब तुझाच बरोबर होता. गॅलनला बारा-तेरा मैल देणारी ७२ सालची व्ही-८ दोघा विद्यार्थ्यांना कशी परवडावी? पण ओल्ड्समोबिलच्या गावात, त्याच कारखान्यात काम करणाऱ्या घरमालकाच्या दारात टोयोटा लावायची? आठवडाभर अबोला, आणि विचारायची सोय नाही म्हणून डाळीत दोघांनीही मीठ टाकलं!

२९ एप्रिल २००४ ला इथे शेवटची ओल्ड्समोबिल बाहेर पडली. १०७ वर्षांचं नाव संपलं. त्या संध्याकाळी म्हातारा घरमालक आला आणि आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. तुला हे कधी सांगितलंच नाही.

मुलगा म्हणतो, इंजिन विका, बाकी भंगारात द्या. दुसरी चासी मिळेल, पण बॉडी उचलून तिच्यावर बसवायचा खर्च गाडीच्या किमतीएवढा. त्याचं चुकत नाही. पण मला रात्री झोप लागत नाही, बाळ्या.

नातीचे फोटो पाहिले, कपाळ थेट तुझं. वहिनींचा गुडघा कसा आहे?

मालकीच्या कागदावर अजून दोघांची नावं आहेत. तुझ्या सहीशिवाय ती भंगारात जाऊ शकत नाही. कागद सोबत जोडलाय. सही करण्याआधी फोन कर, कितीही वाजले असोत.

तुझा,
सुऱ्या