थ्रॅश वाजवा, पण गेन कमी करा

संपादक महोदय,

2000 नंतर अमेरिकेत म्युनिसिपल वेस्ट, हॅवॉक, वॉरब्रिंगर अशा तरुण बँडनी थ्रॅश मेटल (अतिवेगवान, आक्रमक रॉक) पुन्हा उभं केलं. त्यांच्या वाटेने जाणारी मुलं वेग गाठतात, पण रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून, ऐकूच येत नाही. दोष बहुधा अँपवरच (गिटारच्या अॅम्प्लिफायरवरच) असतो: गेन (आवाज फाटका, खरखरीत करणारं बटण) पूर्ण वर, मिड (मधल्या पट्टीचे सूर) शून्यावर. खोलीत हा आवाज भारदस्त वाटतो, स्टेजवर मात्र झांजा आणि बेसखाली गाडला जातो. गेन निम्म्यावर आणा, मिड वाढवा. तळहाताची कड ब्रिजलगत (गिटारच्या धडावर तारा टेकतात त्या पट्टीलगत) टेकवा; इंचभर पुढे सरकली की सूरच मरतो. रिफ आधी 120 बीपीएमवर (मिनिटाला 120 ठोके), ठोक्याला दोन फटके, सगळे खालच्याच दिशेने. मग पाच-पाचने वाढवत 190. मनगटाऐवजी कोपर हलू लागलं की थांबा. ड्रमरच्या डबल किकचं (दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवण्याचं) कौतुक नंतर. आधी त्याचा स्नेअर (काठीने वाजणारा खणखणीत ड्रम) मेट्रोनोमवर, म्हणजे ठेका मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर, पडू दे.

– काही गिटारवादक, पुणे