बाई, निळी फाईल माळ्यावर ठेवली

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दोघींच्या दारांमध्ये दोनच जिने आहेत. वर येऊन हे सांगता आलं असतं. पण समोर बसले की तुम्ही मला बोलू देत नाही, लगेच चहा टाकायला उठता. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

२३ नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचा निकाल लागला. त्या दुपारी मी टीव्ही बंद करून कॅनडाची निळी फाईल काढली. पासपोर्ट, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, विद्यापीठातून आणलेलं ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे गुणपत्रकांचं, सीलबंद पाकीट, सगळं तयार होतं, फक्त मन होत नव्हतं. त्या दिवशी तेही झालं. कोण जिंकलं याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त दुःख वेगळं होतं. २०१९ला ज्यांना मत दिलं, ते पुढच्या पाच वर्षांत कुठून कुठे गेले हे बघून आपल्या मताला काही किंमत आहे यावरचा माझा विश्वासच उडाला होता. मुलीला इथे वाढवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी तुम्ही विरजण मागायला आलात आणि टेबलावरचे कागद पाहिलेत. मला वाटलं, आता देशप्रेमावर ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "जायचं तर जा गं. माझा मुलगाही गेलाच की, चांगलं चाललंय त्याचं. पण रागाच्या भरात जाऊ नकोस. राग उतरतो, आणि तोवर घर विकलेलं असतं."

मी म्हटलं, तिथूनही मत देता येतं. तुम्ही मान हलवलीत. नागरिकत्व भारताचंच ठेवलं तर यादीत नाव ठेवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं की हे सोडावं लागतं, आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाहीत. हे तुम्ही बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलंत.

मग तुम्ही १९७७ची गोष्ट सांगितलीत. ती मी कितीदा आठवली असेल! जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी नोकरी, वेल्ह्याकडची ड्यूटी, डोक्यावर मतपेटी घेतलेला कोतवाल पुढे आणि मागे तुम्ही, साडीचा पदर खोचून, मार्चच्या उन्हात. आणीबाणीनंतरची ती निवडणूक. केंद्रावर एक म्हातारी आली, शिक्का हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली, आणि बाहेर पडताना तुम्हाला म्हणाली, "बाई, कुणी बघितलं न्हाई ना?" तुम्ही म्हणालात, "नाही आजी, कुणीच नाही." त्यानंतर किती निवडणुका केल्यात, किती वेळा तुमच्या मनासारखं झालं आणि किती वेळा नाही, ते तुम्ही सांगितलं नाहीत. त्या पेट्यांवरची लाख तापवताना बोट भाजलं होतं, ते मात्र दाखवलंत.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मला कामाला लावलंत. पोळीवाल्या मावशी जनता वसाहतीतून धायरीला गेल्या होत्या आणि त्यांना मत देता आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "कॅनडाला जायच्या आधी हिचा आठ नंबरचा फॉर्म भर." म्हणजे मतदार यादीतला पत्ता बदलायचा. मी भरला. मग त्यांच्या जावेचा. मग आपल्या वॉचमनच्या मुलीचा, ती नुकतीच अठराची झाली होती, तिचा सहा नंबरचा, नव्याने नाव घालायचा. लाईट बिल कुणाच्या नावावर, आधारवरचा पत्ता जुना, लग्नानंतरचं नाव वेगळं. किती साध्या गोष्टीवरून माणूस यादीबाहेर राहतो, हे सदतीस वर्षं पुण्यात राहून मला माहीत नव्हतं. महापालिकेसाठी १ जुलै २०२५ची यादी धरली, तोवर आपले एकतीस फॉर्म झाले होते. मी वहीत लिहून ठेवलेत. नोव्हेंबरात प्रभागाची प्रारूप यादी आली, तेव्हा तुम्ही चष्म्यावर भिंग धरून एकेक नाव वाचलंत, आणि मी हरकती लिहिल्या.

१५ जानेवारी २०२६ला महापालिकेचं मतदान झालं. २०१७ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे जवळपास नऊ वर्षांनी. मधली जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवकच नव्हते. चार जागांची चार मतं कशी द्यायची ते तुम्ही मावशींना आदल्या रात्री स्वयंपाकघरात फरशीवर खडूने अ, ब, क, ड काढून शिकवलंत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शाई लावलेलं बोट दाखवायला धायरीहून मुद्दाम आल्या. "सगळी बटणं दाबली," म्हणाल्या.

बाई, खरं सांगते, त्या निकालानेही माझं समाधान झालं नाही. १६ तारखेला संध्याकाळी मी पुन्हा गप्प झाले होते. पण फाईल काढावीशी वाटली नाही. मुलगी म्हणाली, आजी विचारतायत, सोमवारी येणार का? महापालिकेत जाऊन आपल्या गल्लीतल्या ड्रेनेजची फाईल तुम्हाला बघायची होती.

जे गेले त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. ते तुम्हीच मला शिकवलंत. मला 'थांब' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्यासाठी तुमचे आभार मानते. आणि त्या एकतीस फॉर्मांसाठी, खडूच्या त्या चार अक्षरांसाठी, वेल्ह्याच्या आजीसाठीही.

निळी फाईल माळ्यावर ठेवली आहे. सोमवारी अर्ज मी लिहून आणते, तुम्ही भिंग विसरू नका.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची

पुणे