लॉगमध्ये सगळीकडे ‘अ‍ॅडमिन’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सनदी लेखापालांच्या अंतिम परीक्षेत पूर्वी ‘इन्फर्मेशन सिस्टीम्स कंट्रोल अँड ऑडिट’ (संगणक प्रणालींवरील नियंत्रणे आणि त्यांची तपासणी) हा शंभर गुणांचा स्वतंत्र पेपर असे. २०१७ च्या योजनेत तो गेला आणि इंटरमीजिएटला पन्नास गुणांचा ‘एंटरप्राइज इन्फर्मेशन सिस्टीम्स’ हा भाग आला. मे २०२४ पासून तोही लेखी परीक्षेतून वगळला गेला. आता माहिती तंत्रज्ञानाचे सक्तीचे प्रशिक्षण, ऑडिटच्या पेपरातील एक प्रकरण आणि स्वयंअध्ययनाचे एक ऐच्छिक मोड्यूल, एवढ्यावर हा विषय उरला आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘इस्का’ असलेला तो पेपर गेल्याची हळहळ फारशी कोणी केली नाही आणि त्यात नवल नव्हते. मीही तो पाठांतरावरच सोडवला होता.

मात्र याच काळात कायदा नेमका उलट दिशेने गेला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदींतील प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असणे बंधनकारक आहे, आणि ती वर्षभर चालू होती का, तिच्यात छेडछाड झाली का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका हुशार आर्टिकलने, म्हणजे प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याने, ‘एडिट लॉग (बदलांचा माग) चालू’ अशी खूण करून कागद माझ्यापुढे ठेवला. मी त्या ग्राहकाकडे जाऊन बसलो आणि ३१ मार्चच्या खरेदीची एक नोंद उघडली. तिची रक्कम जुलैत, रात्री सव्वानऊ वाजता बदललेली होती; बदलणाऱ्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’. दुसरी नोंद उघडली, तिथेही ‘अ‍ॅडमिन’. हिशेब विभागात माणसे चार, लॉगिन एक, आणि पासवर्डची पिवळी चिठ्ठी मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवलेली. एकाच माणसाच्या हाती सगळे टप्पे नसावेत, या कामाच्या विभागणीच्या तत्त्वाची व्याख्या त्या मुलाला स्वल्पविरामासह पाठ होती.

पुढे ‘सिसा’ (CISA) या माहिती प्रणालींच्या लेखापरीक्षकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसणाऱ्यांची अडचण या पाठांतरामुळेच होते. चार तासांत दीडशे प्रश्न, आणि त्यांतले कितीतरी ‘लेखापरीक्षक सर्वांत आधी काय करील’ अशा धाटणीचे, ज्यांचे चारही पर्याय बरोबरच वाटतात. प्रणालींचे दैनंदिन संचालन आणि माहितीचे संरक्षण या दोन भागांनाच निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के वजन आहे. उदाहरणच घ्यायचे तर, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तेव्हा एटीएममधून पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न पोहोचताच बनावट यंत्रणेकडून मंजूर होत होत्या. विनंती कोणकोणत्या टप्प्यांतून जाते आणि कुठे अडायला हवी होती, हे एकदा कागदावर रेखाटून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दहा व्याख्यांपेक्षा जास्त कळते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून परीक्षा घेणाऱ्या सनदी लेखापाल संस्थेला विनंती, की ऑडिटच्या पेपरात लॉगचा प्रत्यक्ष उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारावा. आर्टिकलना शिकवणाऱ्या आम्हा प्रिन्सिपल मंडळींनीही आर्टिकलला पहिल्याच दिवशी वापरकर्त्यांची यादी मागायला आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन अजून चालू आहे का, ते पाहायला लावावे. बॅकअपविषयीही विचारायला सांगावे. ‘आहे का?’ याला सगळीकडे ‘आहे’ हेच उत्तर मिळते. ‘शेवटचा कधी परत उतरवून पाहिला?’ असे विचारले, की पलीकडचा माणूस चहा मागवतो.

आपला,
एक सनदी लेखापाल, सांगली